पडद्याबाहेरचे पाय

तिसऱ्यांदाही समन्स बजावणी न होता परत आलं, तेव्हा प्रेमिला गिरडकर कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या जागी हसली. रडायचं ते ती घरी रडून आली होती. बेलिफ केशवराव उमाठे समोर उभे होते, हातात तोच लांबट कागद. वागवून वागवून त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या.

"कायले हसता, ताई? मी का तिथं मजा करून राहिलो का?"

"तसं नाही जी भाऊ. एवढा मोठा बुवा, हजारो लोकं पाया पडतेत त्याच्या, अन् कोर्टालेच कसा सापडत नाही म्हणतो मी."

खोटं नव्हतं ते. निरामयनाथ महाराजांचा मूळ मठ खाप्याजवळ, कन्हान नदीच्या काठाला. केशवराव तिथे गेले की चौकीदार म्हणायचा, महाराज नागपूरले गेले. नागपुरात विमानतळाजवळ, मिहानच्या पलीकडे मठाचा नवा सभामंडप आहे, तिथे गेले की म्हणायचे, महाराज उत्तरकाशीला अनुष्ठानाला बसलेत. आणि त्याच संध्याकाळी मठाच्या चॅनेलवर महाराजांचं दर्शन सुरू! ताकास तूर लागू देतील तर शपथ. केशवरावांनी आजवर बिल्डर गाठले होते, एका माजी आमदाराला तर मुलीच्या लग्नात अक्षतांबरोबर समन्स दिलं होतं. पण हा बुवा पाण्यातल्या माशासारखा निसटत होता.

प्रेमिलाचा दावा कागदावर शेताचा होता. तिचे यजमान चंपतराव म्हणजे घटकाभर स्वस्थ न बसणारा माणूस. थोरला भाऊ गेला आणि हा माणूस आतून विझला. मठात सेवेला जाऊ लागला, आधी गुरुवारी, मग रोज, आणि एक दिवस परतलाच नाही. पाठोपाठ कळलं की संत्र्याची बाग त्याने महाराजांच्या नावे बक्षीसपत्र करून दिली. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस आहे, मर्जीने गेलाय. मठाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या सत्यवतीताई म्हणाल्या, चंपतराव एकांतात आहेत, त्यांना संसाराचा वारा लागू द्यायचा नाही. असं म्हणताना त्यांनी प्रेमिलाच्या डोक्यावरून हात फिरवला होता. दोन दिवाळ्या गेल्या. नवऱ्याचं तोंड नाही की आवाज नाही.

"शेत गेलं चुलीत," प्रेमिलाने वकीलबाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "माह्या पोरीचे, भूमीचे बाबा जिते हायेत का नाही, एवढंच त्या बुवाले जजसायबासमोर विचारा."

तो प्रश्न विचारायचा तर बुवा कोर्टात यायला हवा, आणि बुवा यायचा तर आधी समन्स त्याला पोचायला हवं. दारावर चिकटवूनही येता येतं म्हणा. पण उद्या महाराज म्हणाले, मी तर तेव्हा हिमालयात होतो, की खटला पुन्हा पहिल्या पायरीवर.

"अन् खरी अडचण तर वेगळीच हाय, ताई," केशवराव तिच्याशेजारी बाकावर टेकले. "समजा मी पोचलो. पडद्यामागं कोण बसला हाय, हे मी कोणाच्या भरोशावर लिहू? ओळख पटवणारं माणूस लागते."

पडदा ही महाराजांची नवी रीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुखदर्शन बंद केलं. तेव्हापासून दर गुरुवारी ते भगव्या पडद्याआड बसतात आणि फक्त पाय बाहेर, चौरंगावर ठेवतात. भक्तांनी पळीने त्यावर पाणी घालायचं आणि तीर्थ म्हणून घरी न्यायचं. भक्तांच्या घरोघरी महाराजांच्या पायांची तसबीर असते. प्रेमिलाच्या देवघरातही होती. तिने ती फेकली नव्हती, नुसती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"मी ओळखतो ना," ती म्हणाली. "पडदा नव्हता तवा माह्या घरी जेवून गेले ते. म्या वाढलं. पाय धुतले. बाईमाणसासारखे मऊ पाय हायेत त्याचे, कधी ढेकळात न पडलेले. पडदा ओढून तोंडही पाहीन. घेऊन चला मले."

केशवरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बाई उगाच बोलत नव्हती.

गुरुवारी ते दोघं वेगवेगळ्या ऑटोने गेले. प्रेमिला मुलीकडे, भूमिकाकडे नागपुरातच जरीपटक्याला उतरली होती. निघताना भूमिकाने दोनदा विचारलं, मी येऊ का, आणि आईने दोनदा नको म्हटलं. तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता, कारण सत्यवतीताई तिला ओळखत होत्या. केशवरावांनी टोपी घातली होती. हातात पूजेचं ताट, त्यात नारळ, जास्वंदी, आणि फुलांखाली न्यायालयाचं समन्स.

मंडपाच्या दारात सेविकांनी मोबाइल काढून घेऊन कापडी पिशवीत टाकले. आत गर्दी अशी की मुंगीला वाट नाही, पण आवाज जवळजवळ नव्हता. एवढी माणसं आणि एक पोर रडत नाही, याची प्रेमिलाला पहिली भीती वाटली. मग मागची लोखंडी दारं ओढून बंद झाली. आतली ऊर्जा बाहेर जाऊ नये म्हणून, असं माइकवरून एक गोड आवाज म्हणाला. तो सत्यवतीताईंचा होता. त्या शुद्ध, हळू बोलायच्या, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की छपराचे पत्रे थरथरले, तरी एकानेही वर पाहिलं नाही.

रांग पुढे सरकत होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी, धडधाकट पोरं, हात पाठीमागे बांधून उभी. "लेप पुसायचा नाही, पायाला बोट लावायचं नाही, पळीनं पाणी घालून पुढं व्हायचं," असं प्रत्येकाच्या कानाशी सांगत होती.

प्रेमिलाची पाळी आली. ती गुडघ्यावर बसली. पडद्याखालून आलेले दोन पाय चौरंगावर होते. घोट्यापर्यंत रेशमी वस्त्र, खाली चंदनाचा जाड लेप, त्यावर हळद, त्यावर झेंडूच्या पाकळ्या. कोणाचेही असू शकले असते ते पाय. तिने पळी घेतलीच नाही. तांब्यातलं सगळं पाणी एकदम ओतलं आणि पदराने लेप खसाखसा पुसला.

आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

उजव्या पायावर तिरका वण होता. वखराची धारदार लोखंडी पास पायावर पडली होती त्या वर्षीचा. रक्त थांबेना म्हणून तिनेच त्यात हळद दाबली होती आणि अंगावरचं लुगडं फाडून बांधलं होतं. टाचांच्या भेगांत लेप गेला होता, पण भेगा त्याच. अंगठ्याचं काळं नख तेच. हे पाय तिने तीस वर्षं घरात येता-जाता पाहिले होते, तापात चोळले होते, या पायांशी भांडली होती.

जिवंत होता. भूमीचा बाप जिवंत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते आधी आनंदाचंच, खोटं कशाला बोला. मग तिला घोट्याजवळचा लाल नाडा दिसला. रेशमी, सुबक, पूजेतला वाटावा असा. तो पायाला घट्ट बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक पडद्यामागे कुठेतरी गेलं होतं.

तिने टाच दाबली. पाय दचकून मागे गेला, नाड्याने अडला. मग हळूच पुढे आला आणि त्याचा अंगठा तिच्या तळव्यात रुतला. पडद्यामागून श्वासासारखा आवाज आला, तिलाच ऐकू जाईल एवढा.

"जाय वं पमे. थांबू नको इथं. जाय."

पडदा काहून आला ते तिला तेव्हा कळलं. महाराज मेले असतील नाहीतर पळाले असतील. मठाला महाराजांवाचून गुरुवार भागवता येत नव्हता, त्यांच्या अंगलोटाचा एक माणूस सापडला, आणि त्याने घरदार आधीच सोडलेलं. आता हा माणूस त्यांना सोडताही येत नव्हता. जे त्याला ठाऊक होतं ते बाहेर पडलं तर मठाचं दुकान एका दिवसात बसलं असतं.

मागून केशवराव पुढे झाले. जास्वंदी बाजूला सारून त्यांनी कागद काढला आणि चौरंगावर पायांशी ठेवला. "निरामयनाथ महाराज, दिवाणी न्यायालयाचं समन्स आहे तुमच्या नावे," ते मोठ्याने म्हणाले. सेवेकरी धावले. केशवरावांनी ओळखपत्र वर धरलं. "कोर्टाच्या माणसाले हात लावायच्या आधी विचार करजा, बापू." मग ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "ताई, सांगा लवकर. हेच का?"

सत्यवतीताई पडद्याच्या बाजूने आल्या. त्यांनी प्रेमिलाचा पदर दोन बोटांनी मागे सारला. पुसलेला पाय पाहिला, मग तिचा चेहरा पाहिला, आणि सगळं समजल्या.

"सांगा ना, ताई," त्या हसून म्हणाल्या. माइक त्यांनी तिच्यापुढे धरला. "सगळ्यांना ऐकू द्या. कोण आहेत हे?"

मंडपातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली. नवरा म्हणावं तर बंद दारांआड ही माणसं तिला फाडून खातील, आणि पडद्यामागचा माणूस रात्रीतून कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. हे महाराज नाहीत असं नुसतं म्हणावं तरी केशवराव कागद उचलतील आणि दारं पुन्हा बंद. पण प्रेमिला शेतकऱ्याच्या घरची. तिला कोंडवाडा आठवला. तिथे ढोर एकदा नोंदवलं की कोणाचंही असो, कोणी गुपचूप विकू शकत नाही, हजर करावंच लागतं. या पायांना एकदा कोर्टाने बांधलं की हेच पाय जजसायबासमोर आणावे लागतील. तिथे पडदा चालायचा नाही.

"होय," ती माइकमध्ये म्हणाली. "हेच महाराज. म्या ओळखतो."

क्षणभर सत्यवतीताईंचा चेहरा पडला. मग हसू परत आलं, पहिल्यापेक्षा रुंद. "सगळ्यांनी ऐकलंत ना?" त्या मंडपाला म्हणाल्या. कागद घ्यायला पडद्यामागून हात आला नाही. केशवरावांनी लिहिलं, स्वीकारण्यास नकार, ओळख पटवली. खाली प्रेमिलाने सही केली. त्याची एक प्रत सत्यवतीताईंनी मागून ठेवून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसतं, पण तिला ते तेव्हा दिसलं नाही. बाहेर येईपर्यंत तिचे पाय हवेत होते.

खरं काय ते तिने फक्त भूमिकाला सांगितलं; बाहेर फुटलं तर त्याला तारखेआधीच हलवतील. पुढच्या महिन्याची तारीख होती. "तुह्या बाबाले कोर्टातून सरळ घरी आणतो," असं म्हणून तिने भांडी घासायला घेतली, आणि पुष्कळ दिवसांनी ती भांडी घासताना गुणगुणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिकाच्या खोलीच्या दाराशी पळसाच्या द्रोणात प्रसाद ठेवलेला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कोण ठेवून जातं ते घरमालकीणही सांगू शकली नाही. भूमिका कामावरून येताना एक पांढरे कपडे घातलेला पोरगा चौकात उभा दिसायचा. तो काही बोलायचा नाही, तिला पाहून नमस्कार करायचा. प्रेमिलाने प्रसाद गाईलाही घातला नाही, खड्ड्यात पुरला.

मग एका पहाटे भूमिकाने मोबाइल आणून तिच्यासमोर धरला. मठाच्या चॅनेलवर टाळ वाजत होते. निरामयनाथ महाराजांनी ब्राह्ममुहूर्तावर देह ठेवला होता. दुपारी खाप्याला कन्हानकाठी समाधी.

संन्याशाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. माती पडायच्या आत पोचायला हवं होतं. केशवराव कुठूनशी गाडी घेऊन आले आणि मायलेकी तीत बसल्या. सावनेर मागे पडेपर्यंत प्रेमिलाने त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

"मंग तुम्ही हो काहून म्हटलं, ताई?"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही कागद घेऊन परत आले असते. अन् तो तिथंच राह्यला असता."

केशवरावांनी ठाण्याला फोन केला. पलीकडचा अंमलदार शांतपणे ऐकून म्हणाला, त्याच बाईने तर कोर्टाच्या कागदावर सही केली ना की हेच महाराज? मठाने ती प्रत आम्हाला सकाळीच दिली. केशवरावांनी फोन ठेवला. लिहिलेलं त्यांच्याच हातचं होतं. प्रेमिला मात्र अजून एका धाग्याला लटकली होती. हे नाटक असेल, आत दुसरंच कोणी असेल, नाहीतर नुसती मूर्ती बसवली असेल.

नदीकाठ माणसांनी भरला होता. दगडी कठड्याचा चौकोनी खड्डा, त्याच्या काठावर पाट, पाटावर फुलांत बसवलेला देह. डोक्यापासून छातीपर्यंत भगवं वस्त्र, खाली पाय उघडे. सेवेकरी मातीच्या टोपल्या घेऊन ओळीने उभे होते. प्रेमिलाला कोणी अडवलं नाही. सत्यवतीताईंनी स्वतः वाट करून दिली.

"या, ताई. पहिलं दर्शन तुमचं. तुम्हीच तर ओळखलं होतं त्यांना."

तिने पायाला हात लावला. वण तोच, पण पाय गार. दाबला तर यावेळी कोणी दचकलं नाही. तिने दोन्ही हातांनी ते भगवं वस्त्र ओढून फेकून दिलं.

चंपतराव होता. दाढी वाढलेला, गाल आत गेलेले, तोंड थोडं उघडं, जसं तो ओसरीवर झोपला की असायचं. अर्धाएक क्षण प्रेमिलाला वाटलं, आता दिसलं सगळ्यांना, आता बोलतील. आणि मग हजार गळ्यांतून एकच आवाज उठला.

"निरामयनाथ महाराज की जय! मुखदर्शन झालं! मुखदर्शन झालं!"

माणसं जमिनीवर लोटांगण घालू लागली. निम्म्या लोकांनी महाराजांचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं ते एकमेकांना म्हणाले, तपानं चेहरा केवढा बदलला. "हा माहा माणूस होय!" प्रेमिला ओरडली. "गिरडकराचा चंपत होय हा! काय करून राहिले रे तुम्ही!" केशवरावही ओरडत होते, भूमिका बाबा-बाबा करत खड्ड्याकडे धावत होती, पण टाळ इतके वाजत होते की त्यांचे शब्द त्यांनाच ऐकू येत नव्हते. "भक्ती अनावर झाली आहे, सांभाळा यांना," सत्यवतीताई माइकवर म्हणाल्या. दोन सेविकांनी प्रेमिलाचे दंड धरले. पहिली टोपली खड्ड्याच्या काठावर आली.

प्रेमिलाने अंग झटकलं. ती कठड्यापाशी बसली आणि दोन्ही मनगटं दगडावर आपटली. हिरव्या काचेचे तुकडे फुलांत उडाले. तिने पुन्हा आपटली. एक बांगडी अडली होती, ती तिने दातांनी धरून दगडावर फोडली. हातातून रक्त निघालं. त्याच हाताने तिने कपाळावरचं कुंकू पुसलं, आणि चंपतरावाच्या पायांवर डोकं ठेवून पडली.

पुढच्या रांगेतल्या बायांचे जयजयकाराला उठलेले हात तसेच वर राहिले. गुरूसाठी कोणी बाई बांगड्या फोडत नाही. हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने टाळ खाली ठेवला, आणि मागचे टाळ का थांबले म्हणून त्यांच्याही मागचे थांबले. टोपलीवाला पोरगा माती टाकावी की नाही, ते न कळून सत्यवतीताईंकडे बघत राहिला. त्यांनी माइक खाली घेतला.

नऊवारी नेसलेली एक म्हातारी, गळ्यात मठाची माळ, गुडघ्यांवर हात टेकत उठली. ती प्रेमिलापाशी आली आणि वाकून चंपतरावाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाई, तुहा कोण होय वं हा?"

"नवरा," प्रेमिला म्हणाली.

म्हातारीने गळ्यातली माळ काढून मुठीत धरली आणि ती सत्यवतीताईंकडे वळली.

"मंग आमचे महाराज कुठं हायेत वं?"